‘पिशवी काढून टाका’ : हा सल्ला कोणाच्या हिताचा?



मागे दिवाळीच्या आधी, टोळ्या कारखान्याला निघायच्या सुमारास, वस्तीतली एक ताई माझ्याकडे फाईल घेऊन आली. वय एकतीस. तीन लेकरे, नसबंदी झालेली. म्हणाली, ‘‘सिस्टर, डॉक्टर म्हणले पिशवी खराब झालीय, सूज आहे. आता नाही काढली तर पुढं कॅन्सर व्हील. तीस हजार सांगितलेत. मुकादम उचल वाढवून द्यायला तयार आहे. काढून टाकू का?’’

मी फाईल उघडली. एक सोनोग्राफी, एक रक्ताची तपासणी, आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्याची चिठ्ठी. तक्रार काय, तर अंगावरून पांढरे जाते, खाज येते, ओटीपोटात आणि कमरेत दुखते. आत हाताने तपासणी झाली का, पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का, आधी काही गोळ्या देऊन पाहिल्या का, असे मी विचारले. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले. पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख ठरली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी तपासले. जंतुसंसर्ग होता. तिला गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही घ्यायला सांगितल्या, पिशवीच्या तोंडाची तपासणी केली, ती चांगली आली. ताई टोळीबरोबर गेली ती पिशवीसकट, आणि तीस हजारांच्या कर्जाशिवाय.

तिचे निभावले. पण ती मला विचारायला आली म्हणून निभावले. न विचारता टेबलावर गेलेल्या बायका किती, हा प्रश्न मला झोपू देत नाही. त्यामागे माझे स्वतःचेही एक कारण आहे, ते आधी सांगते.

साक्षीदाराची सही

नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर मी काही वर्षे एका तालुक्याच्या गावी खासगी नर्सिंग होममध्ये नोकरी केली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्रावर सह्या घेणे हे माझे काम. छापील फॉर्म असायचा, अर्धा इंग्रजीत. बाईचा अंगठा, नवऱ्याची सही, आणि खाली ‘साक्षीदार’ म्हणून माझी सही. फॉर्ममध्ये लिहिलेले असायचे की रुग्णाला सर्व समजावून सांगितले आहे. प्रत्यक्षात मी म्हणायचे, ‘‘मावशी, इथं अंगठा लावा.’’ एवढेच समजावणे.

महिन्याच्या अखेरीला पांढरी पाकिटे निघायची. कोणत्या खेड्यातल्या कोणत्या डॉक्टरने किती पेशंट पाठवले, याची एक वही होती. त्याप्रमाणे पाकिटात पैसे भरले जायचे. ती वही पाहिली तेव्हा मला कळले की आमच्याकडे येणारी बाई आजारामुळे यायची, पण तिला कोणत्या दारात पाठवायचे हे पाकीट ठरवायचे.

मी बोलले नाही. पगाराची गरज होती, आणि ‘मोठ्या डॉक्टरांना आपण काय शिकवणार’ ही भीतीही होती. पुढे नोकरी सोडली आणि वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम धरले. पण त्या फॉर्मांवरच्या माझ्या सह्या कुठे ना कुठे कपाटात असतीलच. म्हणून आजचा हा पाठ डॉक्टरांना शिव्या देण्यासाठी नाही. मी स्वतः ज्या साखळीची एक कडी होते, ती साखळी कशी चालते हे तुम्हाला दाखवण्यासाठी आहे.

हितसंबंध म्हणजे काय?

बैल विकत घेताना आपण विकणाऱ्याला विचारत नाही की बैल चांगला आहे का. तो चांगलाच सांगणार. आपण जाणकार, पण त्या सौद्यात ज्याचे काही नाही, अशा माणसाला सोबत नेतो. दलाल असला तरी तो दलाल आहे हे आपल्याला ठाऊक असते.

दवाखान्यात मात्र सल्ला देणारा आणि सेवा विकणारा एकच माणूस असतो. ऑपरेशन हवे की नको हे तोच ठरवतो, आणि ऑपरेशन झाले तर पैसे त्यालाच मिळतात. नको म्हणाला तर दोनशे-तीनशे रुपये फी, हो म्हणाला तर तीस हजार. रुग्णाचे हित एकीकडे आणि सल्ला देणाऱ्याची कमाई दुसरीकडे ओढू लागली, की त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हितसंबंधांचा संघर्ष असायला डॉक्टर दुष्ट असावा लागत नाही. कर्ज काढून दवाखाना बांधलेला, सोनोग्राफी मशीनचे हप्ते चालू असलेला, भला माणूससुद्धा ‘काढलेलीच बरी’ या बाजूला नकळत झुकतो. त्याला स्वतःलाही ते खरेच वाटू लागते. म्हणून ‘आमचे डॉक्टर स्वभावाने फार चांगले आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रश्न स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

हे आजच कळलेले शहाणपण नाही. विनयपिटकातल्या महावग्गात आजाऱ्याची सेवा करायला कोण योग्य, त्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय हे कळावे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीभावनेने सेवा करावी. मलमूत्र, उलटी काढायची त्याला किळस नसावी. आणि त्याने रुग्णाला धम्माचे बोल सांगून धीर द्यावा. यातला तिसरा गुण पाहा. औषधाचे ज्ञान असले तरी मन लाभाकडे लागलेले असेल तर माणूस सेवेला योग्य नाही, हे भगवंतांनी ज्ञानाच्या बरोबरीला ठेवून सांगितले. डॉक्टरची पदवी पहिल्या दोन गुणांची खात्री देते. तिसऱ्याची खात्री कोणतीही पदवी देत नाही. ती समाजाला आणि कायद्याला घ्यावी लागते.

बीडमध्ये काय दिसले?

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीची सर्वांत मोठी साक्ष बीड जिल्ह्याने दिली. बीडमधून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २०१९ साली बातम्या आल्या की तिथल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भपिशव्या काढण्याचे प्रमाण भयंकर आहे. विधिमंडळात प्रश्न उठला. तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. मग विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक.

हा आकडा किती मोठा, ते दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांमध्ये पिशवी काढलेल्या सुमारे तीन होत्या. दोन्ही पाहण्यांतले वयोगट अगदी सारखे नसतील, पण शंभरात तीन आणि शंभरात सतरा हा फरक वयाने भरून निघणारा नाही. ऊस तोडणाऱ्या बाईच्या पिशवीला असा कोणता वेगळा रोग होतो?

रोग वेगळा नाही, हिशोब वेगळा आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल दोघांच्या नावावर. एक दिवस काम बुडले तर ‘खाडा’, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. पाळीच्या दिवसांत पोटात गोळा आला, रक्तस्राव जास्त झाला, तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढावे लागते. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, घडी बदलायला जागा नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. अशा राहणीत जंतुसंसर्ग होणारच. अंगावरून जाणार, कंबर दुखणार. मग ती दवाखान्यात जाते.

आता त्या एका बाईच्या पिशवीभोवती कोण कोण उभे आहे ते मोजा. गावातला डॉक्टर: त्याला पुढे पाठवल्याचे पाकीट मिळते. सोनोग्राफीवाला: त्याला तपासणीचे पैसे. सर्जन: त्याला ऑपरेशनचे पैसे. मुकादम: पाळी गेली म्हणजे खाडे कमी, आणि उचल वाढली म्हणजे पुढच्या वर्षीही कोयता बांधलेला. कारखाना: त्याला ऊस वेळेवर मिळतो. या सगळ्यांचे हित पिशवी काढण्यात आहे. पिशवी राहण्यात हित असलेली एकटी ती बाई आहे, आणि तिलाच कोणी नीट सांगितलेले नाही.

पुष्कळदा डॉक्टर मंडळी म्हणतात, ‘‘बायका स्वतःच येऊन सांगतात, काढून टाका म्हणून.’’ हे खोटे नाही. मी स्वतः ऐकले आहे. ‘‘लेकरं झाली, आता काय उपेग तिचा? कटकट तरी जाईल.’’ पण ज्या बाईला पाळीच्या दिवशी बसायची मुभा नाही, तिच्या या ‘इच्छे’ला इच्छा म्हणायचे की लाचारी? तिला खरे तर एक दिवस पगारी सुट्टी, संडास आणि पाणी पाहिजे होते. ते मागण्याची जागा नव्हती, म्हणून तिने शरीराचा भाग देऊ केला. अशा वेळी ‘पेशंटची मागणी’ म्हणून पैसे घेणे ही सेवा होत नाही. खरा डॉक्टर तिथे ‘नाही’ म्हणतो.

आणि हे फक्त बीडचे नाही. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमध्येही गरजेशिवाय पिशव्या काढल्याची प्रकरणे निघाली. काही ठिकाणी गरिबांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेचे पैसे मिळतात म्हणून ऑपरेशने झाली. त्यावर २०१३ साली एका डॉक्टरनेच सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. एप्रिल २०२३ मध्ये निकाल लागला. अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्र सरकारने केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश न्यायालयाने दिला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या हा त्या सूचनांचा भाग आहे. बळी गेलेल्यांत दलित, आदिवासी आणि मागास समाजाच्या स्त्रिया मोठ्या प्रमाणात होत्या, हेही त्या खटल्यात पुढे आले. म्हणून हा विषय आपल्या आरोग्य पानावर यायलाच हवा होता.

इथे ‘फुकट’ या शब्दाबद्दलही सावध राहा. योजनेतले ऑपरेशन आपल्याला फुकट असते, रुग्णालयाला नसते. त्यांना त्याचे पैसे सरकारकडून मिळतात. योजना गरिबासाठी मोठा आधार आहे, ती वापरलीच पाहिजे. पण ‘फुकट आहे तर करून घ्या’ हे ऑपरेशनचे कारण होऊ शकत नाही.

पिशवी नुसती लेकरांसाठी नसते

‘लेकरं झाली, पिशवीचे काम संपले’ हा समज आपल्यात खोल रुजला आहे. तो आधी काढू.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. त्यांतून निघणारे संप्रेरक हाडे मजबूत ठेवते, हृदयाला जपते, झोप आणि मन ताळ्यावर ठेवते. पाळी आपोआप जायचे वय साधारण पंचेचाळीस ते पन्नास. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण लागते. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, चिडचिड होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवून नुसती पिशवी काढली तरी बऱ्याच जणींचे बीजकोश लवकर थकतात. ज्या बाईला पुढची वीस वर्षे मोळ्या उचलायच्या आहेत, तिची हाडेच आपण काढून घेतो. पाळीची कटकट जाते, पण कंबरदुखी राहते ती राहतेच.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर कोणी खरी गरज असताना ऑपरेशन टाळून बसेल. पिशवी काढणे काही वेळा खरोखर आवश्यक असते. कॅन्सर निघाला असेल. मोठ्या गाठींमुळे किंवा दुसऱ्या कारणाने रक्तस्राव थांबत नसेल, औषधांनी गुण येत नसेल आणि रक्त फार कमी होत असेल. पिशवी पूर्ण बाहेर येत असेल. बाळंतपणात जीव वाचवण्यासाठी दुसरा उपायच राहिला नसेल. अशा वेळी हेच ऑपरेशन जीव वाचवते. तेव्हा उशीर करू नका.

पण अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, ओटीपोटातले साधे दुखणे, सोनोग्राफीत ‘थोडी सूज’ किंवा लहानशी गाठ, यांपैकी एकट्या कोणत्याही कारणासाठी पिशवी लगेच काढायची नसते. पांढरे जाणे बहुतेक वेळा संसर्गाचे असते आणि गोळ्यांनी बरे होते. जास्त रक्तस्रावावरही गोळ्या आहेत, तांबीसारखे पिशवीत बसवायचे औषधी साधन आहे. लहान गाठी पुष्कळदा पाळी गेल्यावर आपोआप आकसतात.

आणि ‘कॅन्सर होईल’ ही भीती? कॅन्सर होईल म्हणून निरोगी अवयव काढत नाहीत. आधी तपासतात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी काही मिनिटांची असते, सरकारी रुग्णालयात होते. तिशीनंतर प्रत्येकीने ती अधूनमधून करून घ्यावी. संभोगानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त रक्ताळ पाणी जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर लाजू नका, त्याच आठवड्यात जा.

पाकीट फक्त पिशवीचे नसते

डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून या धंद्याची आतली बाजू बाहेर आणली. बोलणारे सगळे डॉक्टरच होते, हे महत्त्वाचे. पेशंट पाठवण्याचा कट, रुग्णालयाने डॉक्टरांना दिलेली कमाईची उद्दिष्टे, गरज नसलेल्या तपासण्या, औषध कंपन्यांच्या भेटी, सगळे त्यांनीच सांगितले. प्रामाणिक डॉक्टर आजही आहेत. पण कट न देणाऱ्याकडे पेशंट पाठवले जात नाहीत, म्हणून त्यांचेच दवाखाने ओस पडतात. आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिलो नाही, तर ते टिकायचे कसे?

हृदयाच्या स्टेंटचे उदाहरण घ्या. औषधी लेप असलेल्या स्टेंटला रुग्णाकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली, ती २९,६०० रुपये. मधला फरक इतकी वर्षे कंपनी, वितरक आणि रुग्णालय यांच्यात वाटला जात होता.

कायदा याबाबत गप्प नाही. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणे किंवा घेणे तिच्यात मना आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, सहली, रोख रक्कम घेण्यावर २००९ साली बंदी घातली गेली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरांना वाटलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, कारण त्या भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णावरच पडतो. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो कायदा होण्यासाठी दबाव हवा, आणि दबाव आणणे हे रुग्णांच्या संघटनांचे काम आहे.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

१९९५ सालचे दिल्लीचे एक प्रकरण प्रत्येकीने लक्षात ठेवावे. ४४ वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर तिच्या आईची संमती घेतली आणि पिशवी व बीजकोश काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने निकाल दिला की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. जीव तातडीने धोक्यात नसेल, तर सज्ञान बाईच्या शरीराबद्दल तिची आईसुद्धा तिच्या वतीने हो म्हणू शकत नाही.

मग नवरा, सासू, मुकादम यांची काय कथा! शरीर तुमचे, निर्णय तुमचा. आणि निर्णय घ्यायचा तर माहिती तुमच्या भाषेत मिळाली पाहिजे. आजार काय, उपाय कोणकोणते, प्रत्येकाचा धोका काय, काहीच केले नाही तर काय होईल, खर्च किती. एवढे सांगितल्यावर घेतलेली सही म्हणजे संमती. मी घेत होते ते नुसते अंगठे होते.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न

हे कापून ठेवा. महिला मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा.

१. मला नेमका आजार कोणता? कागदावर लिहून द्या.

२. आधी औषधाने बरे करून पाहता येईल का? किती दिवस?

३. पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? तिचा अहवाल कुठे आहे?

४. ऑपरेशन आजच का? महिनाभर थांबले तर काय होईल?

५. बीजकोश काढणार की ठेवणार? काढणार तर का?

६. एकूण खर्च किती? त्यात काय काय धरले आहे?

७. मला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे आहे. माझे सगळे कागद द्याल का?

सातवा प्रश्न सर्वांत मोठा. दुसरे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, डॉक्टरचा अपमान नव्हे. पण ते कोणाकडून घ्यायचे, यात खुबी आहे. पहिल्या डॉक्टरने सुचवलेल्याकडे जाऊ नका. ज्याला तुमच्या ऑपरेशनचे पैसे मिळणार नाहीत, त्याला विचारा. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागातल्या डॉक्टरांना तुमच्या ऑपरेशनवर वेगळी कमाई नसते. रांग लागेल, एक दिवस मोडेल. तो एक दिवस तीस हजारांच्या उचलीपुढे आणि आयुष्यभराच्या कंबरदुखीपुढे काहीच नाही. एकटीने जाऊ नका. आशाताईला किंवा मंडळातल्या एका शिकलेल्या मुलीला सोबत घ्या. ‘नाही’ म्हणायला दोघींचे बळ लागते.

कागद आणि तक्रार

तुमचे वैद्यकीय कागद मागितल्यापासून ७२ तासांच्या आत मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावायचे असते. आत गेल्यावर आधी भिंतीकडे पाहा. नसेल तर विचारा.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली गेली, आणि बायकांची टोळीवर जाण्याआधी व आल्यावर तपासणी करायचे ठरले. ही अट भीक म्हणून मिळाली नाही. बायका बोलल्या, कार्यकर्त्यांनी आकडे गोळा केले, पत्रकारांनी छापले, तेव्हा मिळाली.

गरज नसताना ऑपरेशन झाले, फसवून संमती घेतली, कागद नाकारले, तर लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. डॉक्टरच्या आचरणाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते. पैसे भरले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

आणि एक काम आपण आपल्याच वस्तीत करू शकतो. एक वही घाला. गेल्या पाच वर्षांत कोणाकोणाची पिशवी काढली, तेव्हा वय काय होते, कारण काय सांगितले, खर्च किती आला, कर्ज कोणाकडून घेतले. नावे बाहेर सांगायची नाहीत, नुसती बेरीज सांगायची. माझ्या जुन्या दवाखान्यात एक वही होती, ती पाकिटांची. आपली वही तिला उत्तर देईल.

मी ज्यांना ‘इथं अंगठा लावा’ म्हणाले, त्या मावश्या आता कुठे असतील मला माहीत नाही. त्यांना जे सांगायचे राहून गेले, ते आज तुम्हाला सांगितले. तुम्ही ते पुढच्या बाईला सांगा. टोळ्या निघायच्या आत सांगा.